‘दिवंगत माजी विद्यार्थी’ हे पान कसं भरायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका कॅथलिक मिशन शाळेच्या माजी विद्यार्थी संघाला स्मरणिका काढायची आहे. बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या आणि आज हयात नसलेल्या मुलामुलींवर त्यांना एक विभाग हवा आहे. हाताशी शाळेचं जनरल रजिस्टर आहे, काही ग्रुप फोटो आहेत आणि सदस्यांनी केलेली एक यादी आहे. यादीत बहुतेक फादर, सिस्टर, मुख्याध्यापक, एखादा मामलेदार. बाकीच्यांची ‘काही माहितीच मिळत नाही’. ती कुठून काढायची, कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, आणि कोणी कडू गोष्टी सांगितल्या तर त्यांचं काय करायचं?

सर, अशा स्मरणिका आणि धर्मग्रामांच्या (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या पॅरिशच्या) पुस्तिका मी बरीच वर्षं संपादित करत आलोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी ती यादी बाजूला ठेवा. चार जुनी मंडळी बसली, चहा झाला, एकेक नाव निघत गेलं आणि एकाने लिहून घेतलं, अशी ती झालेली असणार. अशा बैठकीत फादर झालेला आठवतो, साहेब झालेला आठवतो, कबड्डीत जिल्ह्याला खेळलेला आठवतो. आठवीत शाळा सुटून पुढे जन्मभर उसाच्या टोळीबरोबर फिरलेला मुलगा कोणाच्या तोंडी येत नाही. आणि आपल्याकडची मिशन बोर्डिंगं तर त्याच्याचसाठी निघाली होती. गावात चौथीच्या पुढे शाळा नाही, घरी दोन वेळची भाकरी नाही, म्हणून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, हरेगाव, केंदळ, वळण या पट्ट्यातल्या फादर-सिस्टरांकडे आईबाप पोरं सोडून जायचे.

पुण्याचं सेंट व्हिन्सेंट (1867) किंवा वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस (1863) यांची गोष्ट वेगळी. तिथल्या माणसांचे मृत्युलेख इंग्रजी पेपरांत येतात, वंशावळी घरात लावलेल्या असतात. इंग्लंडातल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या) शाळेच्या तर सात माजी विद्यार्थ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालाय. त्यातला कॉस्टेलो नावाचा अधिकारी 1897 मध्ये आपल्याच वायव्य सरहद्दीवर, मलाकंदला लढला. तिथे पराक्रमाची पाटी लावली की काम भागतं. ती चौकट जशीच्या तशी इकडे आणली, तर दहा नावं झळकतील आणि उरलेली हजारभर पोरं पुन्हा एकदा गैरहजर लागतील.

म्हणून सुरुवात रजिस्टरापासून. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, रजिस्टर ऑफिसातच बसून बघा, बाहेर नेऊ नका. बहुतेक जण नाव आणि जन्मतारीख उतरवून घेतात आणि थांबतात. जन्मतारखेत तसा अर्थ नाही; निम्म्याअधिक पोरांची ती 1 जून निघेल, मास्तरांनी दाखल करताना घातलेली. खरी माहिती उजवीकडच्या रकान्यांत असते: पूर्वीची शाळा, कोणत्या इयत्तेत आला, कधी सोडली, का सोडली, शेरा. ‘सतत गैरहजर’ असा शेरा एकाच गावच्या तीन-चार मुलांपुढे लागोपाठ दिसला, तर तारीख बघा. दिवाळीच्या आगेमागे असेल, तर आईबाप ऊसतोडीला निघाले आणि पोरांना बरोबर घेऊन गेले, अशी शंका घ्यायला हरकत नाही. ‘वडिलांच्या अर्जावरून’ असेल, तर तो अर्ज कधीकधी दाखल्यांच्या फायलीत अजून टाचलेला असतो. अंगठा उठवलेला, दुसऱ्याने लिहून दिलेला अर्ज. त्यातल्या दोन ओळी एखाद्या माणसाबद्दल जे सांगून जातात, ते पानभर भाषणात येत नाही.

शाळेचं रजिस्टर आणि बोर्डिंगचं रजिस्टर एकच समजू नका. बोर्डिंगची वही वेगळी असायची, कारण गावातली मुलं शाळेत असत पण मुक्कामाला नसत. ती वही फादरांच्या बंगल्यात, नाहीतर सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये पडलेली असते. किराण्याची वही, औषधांची वही सापडली तरी सोडू नका.

दुसरं साधन धर्मग्रामाच्या लोखंडी कपाटात आहे आणि ते कोणी वापरत नाही. स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंदवही. ही नोंद जन्मापाशी थांबत नाही. 1908 पासून लागू झालेल्या ‘ने तेमेरे’ या रोमच्या आदेशाने असं ठरलं की, कॅथलिक माणसाचं लग्न जगात कुठेही लागो, लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने त्याची खबर वधूवरांच्या मूळ धर्मग्रामाला द्यायची आणि तिथल्या नोंदीच्या समासात ती लिहून ठेवायची. हा नियम आजही चालू आहे. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा पुढचा संस्कार) त्याच समासात, धर्मगुरुपदाची दीक्षा किंवा सिस्टरांची कायमची व्रतंही त्याच समासात. म्हणजे दहा वर्षांची असताना बोर्डिंगात आलेली मुलगी पुढे कुठे दिली, हे कोणालाच ठाऊक नसलं तरी तिच्या नावाच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘खडकी’ किंवा ‘मनमाड’ आणि एक तारीख लिहिलेली असू शकते. तिथून त्या गावच्या चर्चची लग्नाची वही, तिथून नवऱ्याचं आडनाव, आणि मग तिथलीच मृत्यूची वही. मृत्यू मूळ गावच्या समासात येत नाही. दफन जिथे झालं, तिथल्या वहीत असतो. सगळेच फादर काही टापटिपीचे नसत, खबर पाठवायची राहूनही जायची. तरी मुलींचा माग काढायला यापेक्षा चांगला रस्ता मला सापडलेला नाही. लग्नानंतर आडनाव बदललं की रजिस्टरातली पोरगी जगाच्या दृष्टीने नाहीशीच होते. बहुतेक स्मरणिकांत मुली नसतात त्याचं कारण एवढंच की, कोणी समास वाचत नाही.

या वह्या वाचायला थोडा सराव लागतो. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, तेव्हा योहान हा ‘योआन्नेस’ आणि याकोब हा ‘याकोबुस’ म्हणून भेटेल. गावांची नावं जर्मन आणि स्विस फादरांनी कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत. ‘ळ’ तर शोधूनही सापडत नाही. नाव अडलं की मोठ्याने वाचा आणि त्या भागातल्या एखाद्या म्हातारीला ऐकवा, लगेच उलगडतं. पहिल्या महायुद्धात, 1914 नंतर, मुंबई-पुणे मिशनमधल्या जर्मन जेझुइटांना नजरकैद झाली आणि पुढे मायदेशी धाडलं गेलं. त्या वर्षांत वहीतलं हस्ताक्षर एकदम बदललेलं दिसलं, तर चक्रावू नका. धर्मप्रांताचे (एका बिशपच्या हद्दीचे) कागद शोधताना हेही ध्यानात असू द्या की, नाशिक धर्मप्रांत 1987 मध्ये झाला. त्याआधी नगर जिल्हा पुणे धर्मप्रांतात होता, त्यामुळे जुना पत्रव्यवहार पुण्यात असण्याचा संभव जास्त.

‘निरोप्या’चे जुने अंकही चाळा. 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेलं हे मासिक, डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. मिशनच्या बातम्या, दीक्षा, मृत्युवार्ता असं बरंच काही त्यात विखुरलेलं आहे. घरातले काही लोक प्रोटेस्टंट असतील (नगरमध्ये एका घरात दोन्ही असणं नवलाचं नाही), तर ‘ज्ञानोदय’ विसरू नका. तो 1842 पासूनचा.

आता सगळ्यात नाजूक भाग. रजिस्टरातलं नाव आणि चर्चच्या वहीतलं नाव जुळलं नाही, तर लगेच ‘चूक’ म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. घरी आणि शाळेत ज्ञानदेव, चर्चमध्ये दानिएल. जात-धर्माच्या रकान्यात एकाच्या पुढे ‘ख्रिस्ती’, सख्ख्या भावाच्या पुढे ‘हिंदू’ आणि पूर्वजांची जात. याची मुळं 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात आहेत. त्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. दलितांमधून ख्रिस्ती झालेल्या घरातल्या बापापुढे पोराला शाळेत घालताना जो प्रश्न उभा राहायचा, त्याचं उत्तर त्या रकान्यात आहे. कोणी त्याला लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही. ज्याचं पोट रकान्यावर अवलंबून आहे, त्याने रकाना विचार करूनच भरायचा.

तुमच्या कामापुरतं याचं तात्पर्य सरळ आहे: हा रकाना छापायचा नाही, त्याचा फोटो छापायचा नाही, आणि दोन नोंदी शेजारी ठेवून दाखवायच्या नाहीत. तुमच्यासाठी ती रंजक माहिती असेल, पण त्या माणसाच्या नातवाचा जातपडताळणीचा अर्ज कुठेतरी प्रलंबित असतो. एका घरी मुलाने मला स्वच्छ सांगितलं होतं, “वडिलांचं शाळेतलं नाव टाका, चर्चचं नको. आई आहे तोवर तर नकोच.” आम्ही शाळेतलं टाकलं. घरच्यांनी दिलेलं नाव तेच खरं, असा नियम धरा आणि त्यावर समितीत वाद घालत बसू नका.

कागद झाले की माणसं. हरेगावची मतमाउलीची (मारिया मातेची) यात्रा सप्टेंबरात भरते, तिथे सगळा जिल्हा आणि पुणे-मुंबईला गेलेली मंडळीही येतात. परवानगी काढून एक टेबल मांडा, ग्रुप फोटो मोठे करून फळीवर लावा, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि शेजारी वही ठेवा. लोक आपणहून बोट ठेवतात. मूळ फोटो कोणाकडून घरी नेऊ नका. तिथल्या तिथे स्कॅन करा आणि मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलने लिहिलेली नावं तिकडेच असतात.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारून उपयोग नसतो. त्यापेक्षा खुणा विचारा. “तुमच्या वेळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होती की मराठीत?” लॅटिन म्हणाले, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (तिने मिस्सा लोकभाषेत करायला मुभा दिली) आधीची किंवा तिच्या काळातली गोष्ट, म्हणजे 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतची. “पोप मुंबईला आले, तेव्हा बोर्डिंगात होता का?” ते 1964 चा डिसेंबर. “कोयनेचा भूकंप झाला, त्या पहाटे कुठे होता?” 1967 चा डिसेंबर. “मिलोच्या भाकरी खाल्ल्या का?” लाल मिलोचं (दुष्काळात मिळालेल्या लाल ज्वारीचं) नाव निघालं की माणूस हमखास तोंड वाकडं करतो आणि तुम्हाला 1972 चा दुष्काळ मिळतो. “मॅट्रिक अकरावीला की दहावीला?” हा प्रश्नही कामाचा, दहावी आली ती 70 च्या दशकाच्या मध्यावर. आणि त्याहून जुन्या माणसांना “फायनल झाली होती का?” असं विचारा. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा मास्तर व्हायचा, आणि मिशनमधल्या मास्तराने शाळाही शिकवायची, रविवारी प्रार्थनाही घ्यायची आणि कोणी मेलं तर खड्डा खणायला माणसंही जमवायची.

आणि बोर्डिंगचा नंबर विचारायला विसरू नका. ट्रंकेवर रंगाने, ताटावर खिळ्याने ठोकून, सदऱ्याच्या कॉलरखाली धाग्याने घातलेला तो आकडा. वर्गशिक्षक विसरलेला माणूस नंबर झटकन सांगतो, स्वतःचाच नाही तर शेजारच्या सतरंजीवाल्याचाही. बोर्डिंगच्या वहीत नंबर असतील, तर नाव न आठवणाऱ्या मित्राचंही नाव तुम्हाला त्यातून काढता येतं.

घरी गेल्यावर “ते कसे होते हो?” असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: प्रेमळ, मनमिळाऊ, देवभीरू. त्याऐवजी सकाळी उठून पहिलं काय करायचे, खिशात काय असायचं, कोणाशी अबोला होता, कोणाची उधारी राहिली होती, बोर्डिंगातली कोणती सवय शेवटपर्यंत गेली नाही, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर घरातल्या बायका हसतात आणि बोलायला लागतात. कोणी सांगतं की, घंटा ऐकली की ते अजूनही ताट घेऊन उठायचे. कोणी सांगतं, भात कितीही असो, पहिला घास घेण्याआधी शेजारच्याच्या ताटात बघायचे. बोर्डिंग म्हणजे काय होतं, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही इतिहासातून कळणार नाही.

लिहायचं कसं, ते नमुन्यानेच दाखवतो. समितीकडे साधारण असा मजकूर येतो:

“कै. अमुक हे अत्यंत प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीचे होते. शाळेने दिलेल्या संस्कारांच्या शिदोरीवर त्यांनी जीवनात यश संपादन केले. त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

नाव बदला, हाच मजकूर कोणालाही बसतो. आता हा दुसरा बघा. दोन-तीन खऱ्या आयुष्यांतून मी तो जुळवलाय आणि नाव-गाव मुद्दाम ठेवलेलं नाही:

“बोर्डिंग नंबर 47. पारनेर तालुक्यातल्या गावाहून पाचवीत आला, आठवीची सहामाही दिल्यावर शाळा सुटली. रजिस्टरात कारण ‘घरगुती अडचण’. विहिरीच्या कामावर वडिलांची मांडी मोडली होती, असं धाकटी बहीण सांगते. दोन वर्षं नालाबंडिंगवर माती वाहिली. मग एसटी स्टँडसमोर सायकलचं दुकान टाकलं. बोर्डिंगात ब्रदरांच्या हाताखाली पाण्याचं इंजिन खोलायला शिकला होता, तेवढ्या शिदोरीवर. चर्चच्या हार्मोनियमचा भाता फाटला की हा ट्यूबचं रबर लावून द्यायचा. स्वतः मिस्साला क्वचित जायचा आणि फादरांनी विचारलं तर ‘पंक्चर होतं’ म्हणायचा. बोर्डिंगच्या पोरांकडून पंक्चरचे पैसे घेत नसे, हवेचे मात्र सोडत नसे. मुलीला नर्सिंगला घातलं. पत्र्याची जुनी पेटी शेवटपर्यंत दुकानातच होती. वर पांढऱ्या रंगात 47, आत पाने आणि स्पोका.”

शंभर-सव्वाशे शब्दांत मावतं. यातल्या प्रत्येक वाक्याला धनी आहे: रजिस्टर, बहीण, बायको, शेजारचा टपरीवाला. कच्च्या प्रतीत प्रत्येक वाक्यापुढे तो धनी कंसात लिहा आणि छापताना कंस काढा. ज्याला धनी नाही ते वाक्य गाळा, कितीही गोड असलं तरी. शाळेचा उल्लेख इथे एकदाच आलाय, इंजिनापाशी, आणि तेवढा पुरे. स्मरणिकेत शाळा आपलं कौतुक करून घ्यायला टपलेलीच असते, प्रत्येक मयताच्या तोंडून तिचे आभार मानायची गरज नाही.

कोणाला घ्यायचं? जो बोर्डिंगात राहिला तो आपला, एक सत्र राहिलेला असो की दहा वर्षं. 14 ऑक्टोबर 1956 नंतर जे बौद्ध झाले, त्यांनाही घ्या. जे मुळात हिंदू किंवा मुसलमान होते, त्यांनाही. सेमिनरीत (फादर होण्याच्या शिक्षणाला) गेले आणि दीक्षेआधी परतले, त्यांनाही. या लोकांना जन्मभर ‘सेमिनरी सोडलेला’ एवढीच ओळख मिळालेली असते, निदान तुम्ही तरी ती मथळ्यात घालू नका. नावाआधी कै., ख्रिस्तवासी, पैगंबरवासी, कालकथित अशी वर्गवारी करत बसलात, तर पुस्तकाची पुन्हा वाडीवस्ती होईल. सगळ्यांना ‘दिवंगत’, किंवा काहीच नको.

फादरांना मात्र आवरा. जेझुइटांचं आपल्या माणसांच्या नोंदी ठेवण्याचं काम चोख असतं, त्यांची चरित्रं त्यांच्या घरी लिहिलेली आहेत. फादर हर्मन बाखर यांच्यासारख्या पाणलोटाच्या कामामुळे महाराष्ट्रभर पोचलेल्या माणसावर तर बाहेरच्यांनीही भरपूर लिहिलंय. अशा सगळ्यांना मिळून एक पान द्या. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या मावशींवर एक पान करा. त्या विद्यार्थिनी नव्हत्या, नियमात बसत नाहीत, मान्य. पण पोरांच्या आठवणींत त्यांच्याएवढं कोणीच येत नाही, आणि त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. असलीच तर पगाराच्या वहीत, अंगठ्यापुढे.

कडू गोष्टींबद्दल. छडी, कोंबडा, गुडघ्यांवर उभं करणं, अंथरूण ओलं केलं म्हणून ते डोक्यावर घेऊन सगळ्यांपुढून फिरवणं, पंगतीत पूर्वीच्या जातीवरून केलेला दुजाभाव. असं कोणी सांगितलं तर घ्या. दोघा-तिघांकडून स्वतंत्रपणे आलं, तर छापा, मारणाऱ्याचं नाव न देता. ‘त्या काळी असंच होतं’ ही पुस्ती स्वतः जोडू नका. ज्याने मार खाल्ला त्याने ती जोडली तर ठेवा. पुष्कळ लोक एकाच दमात छडीही सांगतात आणि फादरांनी ताप आला तेव्हा रात्रभर बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या हेही सांगतात. दोन्ही ठेवा, त्याच क्रमाने. त्यांची बेरीज करून निकाल लावणं हे संपादकाचं काम नाही.

लैंगिक छळाचं कोणी सांगितलं, तर ती गोष्ट वेगळी. तो स्मरणिकेचा मजकूर नव्हे, आणि समितीच्या फायलीत बंद करून ठेवायचा कागदही नव्हे. सांगणाऱ्याला एकट्याने ऐका, टेप बंद करा, त्याला पुढे काय हवंय ते विचारा. आज कोणत्याही मुलाला धोका असेल, तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली (2012) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; तिथे ‘शाळेचं नाव’ हा मुद्दाच नाही. फादर-सिस्टरांच्या कानावर आलं, तर 2019 च्या पोपच्या आदेशाप्रमाणे त्यांनाही ते वरिष्ठांना कळवावं लागतं. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या गौरवाचं पान स्मरणिकेत असेल, तर ते आधी काढून ठेवा. लोक विचारतील. विचारू द्या.

मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितलं तरच लिहा आणि त्यांच्या शब्दांत लिहा. दारूने गेलेल्यांची संख्या तुम्हाला वाटते त्याहून जास्त निघेल. ‘अल्पशा आजाराने’ असं दडपून लिहिण्यापेक्षा ते वाक्यच नको. छापण्याआधी मजकूर घरी वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हणतोय, पाठवून द्या नव्हे. वाचताना बायको मध्येच थांबवते आणि म्हणते, “सायकलचं दुकान नंतर, आधी टपरी होती.” फोनवर पाठवलेल्या मजकुराला नुसता हात जोडलेला इमोजी येतो.

क्रम लावताना पदाचा विचार करू नका, मृत्यूच्या तारखेचाही नको. बोर्डिंगात दाखल झाल्याच्या सालाप्रमाणे लावा. म्हणजे एका वर्षी शेजारी सतरंज्या टाकून झोपलेली पोरं पानावरही शेजारी येतात, मग पुढे त्यातला एक बिशप हाउसला गेला असो की दुसरा हमाली करायला मार्केट यार्डात. फोटो सगळ्यांचे एकाच मापाचे. ज्यांचा फोटो नाही त्यांच्या जागी फुलाचं किंवा मेणबत्तीचं चित्र टाकायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. जागा मोकळी सोडा आणि खाली ‘फोटो असल्यास कळवा’ असं लिहा. एका पुस्तिकेत तसं केल्यावर फोटो येत राहिले, दुसरी आवृत्ती काढावी लागली.

ज्यांचं काहीच मिळालं नाही त्यांची शेवटी नुसती यादी छापा: नाव, गाव, आल्याचं साल, गेल्याचं साल. पण हयात आहे की नाही हे नक्की कळल्याशिवाय कोणाला ‘दिवंगत’मध्ये घालू नका, यादीचं नाव ‘ज्यांचा पत्ता लागला नाही’ असं ठेवा. जिवंत माणूस स्वतःचं नाव वाचून फोन करतो तेव्हा तुम्हाला एक उत्तम साक्षीदार मिळतो.

प्रकाशन 2 नोव्हेंबरच्या आसपास, मृतांच्या दिवशी, ठेवता आलं तर बघा. त्या दिवशी दफनभूमीत सगळे येतातच, हॉल भाड्याने घ्यावा लागत नाही. मिस्साच्या वेळी नावं वाचायची असतील, तर फादरांशी आधी बोला आणि बौद्ध-हिंदू-मुसलमान घरांना विचारून मगच त्यांची नावं घ्या; कोणी नको म्हटलं, तर बाहेर मंडपात, प्रार्थनेनंतर वाचा. ज्यांच्यावर लिहिलंय त्या प्रत्येक घरी एक प्रत फुकट पोचली पाहिजे, म्हणून जाहिराती गोळा करताना तेवढ्या प्रतींचा खर्च आधी धरा.

यंदाचं टेबल हरेगावला लावायचं असेल, तर परवानगीचं पत्र आत्ताच द्या. आणि ग्रुप फोटो मोठे करायला टाकण्याआधी पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांची वेगळी यादी काढून, सगळ्यात लांब राहणाऱ्याकडे पहिल्यांदा जा. जवळचे राहून जात नाहीत, लांबचे जातात. फॉर्मचा मसुदा हवा असेल तर सांगा, एका पानाचा आहे, पाठवतो.